स्लॅब ओलांडला की नेमकं काय होतं?

वाचकांचे कराविषयीचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्याची पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कुणी गंगापूर रोडवरून अमेरिकेतल्या मुलाची काळजी करतंय, कुणी अंबडच्या कारखान्यातून स्वतःच्या मार्चच्या पगाराची, पण सगळ्यांच्या मनातली भीती तीच आहे: आकडा ओलांडला की सगळंच गेलं. त्यामुळे ही पाच पत्रं एकत्रच घेतली आहेत.

*

ताई, नमस्कार. माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत एडिसनला असतात. दोघांचा मिळून पगार वर्षाला ४,३०,००० डॉलर आहे. २०२४ च्या निवडणुकीत कमला हॅरिस म्हणाल्या होत्या, की ४ लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांचा कर वाढणार नाही. तेव्हा मुलगा म्हणाला, 'बाबा, म्हणजे आमचा वाढणार. सगळ्या पगारावर ३९.६ टक्के!' सूनबाईंचं म्हणणं वेगळं. निवडणूक होऊन गेली, हॅरिस हरल्या, तरी आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद मिटलेला नाही. हिशेब करून दाखवाल का?
– निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

सर, आधी तुमचं विजेचं बिल काढा. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटला एक दर असतो, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे तिसरा. तुम्ही १०१ युनिट जाळली म्हणून पहिल्या शंभरांना कुणी वाढीव दर लावत नाही. फक्त त्या एका युनिटला लागतो. अमेरिकेतला आयकर असाच चालतो, आपलाही बहुतांशी असाच चालतो. त्यामुळे 'सगळ्या पगारावर ३९.६' हे चिरंजीवांचं वाक्य पहिल्यांदा पुसून टाका.

आता दुसरी गोष्ट, आणि घरातलं भांडण खरं इथेच आहे. ४ लाख डॉलर कुणाचे? एका माणसाचे की नवरा-बायकोचे मिळून? आपल्याकडे प्रत्येकाचं रिटर्न वेगळं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. अमेरिकेत बहुतेक जोडपी एकत्र रिटर्न भरतात आणि त्यांचे टप्पे वेगळे असतात. ४ लाखांचं हे वचन मूळचं जो बायडेन यांचं, २०२० च्या प्रचारातलं. सभेत एकच गोल आकडा सांगितला गेला. पुढे बायडेन सरकारच्या अर्थसंकल्पात तोच प्रस्ताव कागदावर आला, तेव्हा ३९.६ टक्क्यांचा दर एकट्या व्यक्तीला ४,००,००० डॉलरच्या पुढे आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला ४,५०,००० डॉलरच्या पुढे लावायचा, असं लिहिलेलं होतं. हॅरिस यांनी २०२४ मध्ये हीच चौकट पुढे नेली.

तिसरी गोष्ट: ४,५०,००० म्हणजे हातातला पगार नव्हे, वजावटी जाऊन उरलेलं करपात्र उत्पन्न. मी २०२५ चे आकडे घेऊन हिशेब केला. जोडप्याला प्रमाणित वजावट ३१,५०० डॉलर. ४,३०,००० मधून ती गेली की उरले ३,९८,५००. म्हणजे मुलगा-सून ४,५०,००० च्या उंबरठ्यापासून ५१,५०० डॉलर अलीकडेच उभे आहेत. या कलमाने त्यांचा कर एका डॉलरनेही वाढला नसता. इथपर्यंत सूनबाई बरोबर.

पण सर, मुलगाही पूर्ण चुकलेला नाही, हे त्याला आवर्जून सांगा. त्याच प्रस्तावात दुसरं कलम होतं, मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कराचं. ४ लाख डॉलरपुढच्या कमाईवरचा हा कर ३.८ वरून ५ टक्के करायचा होता, आणि हे ४ लाख कमाईवर मोजायचे होते, करपात्र उत्पन्नावर नव्हे. वरचे ३०,००० डॉलर, त्यावर वाढीव १.२ टक्के, म्हणजे वर्षाला ३६० डॉलर. महिन्याला ३०. दीड वर्ष ज्यावरून घरात बोलाचाली चालली आहे ती रक्कम एवढीच.

समजा त्यांचं करपात्र उत्पन्न ४,८०,००० असतं, तर? तर ४,५०,००० च्या पुढच्या ३०,००० डॉलरवर आज ३२ टक्के लागतात तिथे ३९.६ लागले असते. फरक ७.६ टक्क्यांचा, म्हणजे २,२८० डॉलर. ही रक्कम लहान नाही, पण 'सगळ्या पगारावर' या वाक्याने मनात जे चित्र उभं राहतं त्याच्या जवळपासही ती जात नाही.

आणखी एक आकडा मुलाला पाठवा. २०२५ च्या दरांनी ही दोघं ३२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये मोडतात. जोडप्यासाठी त्या वर्षी हा स्लॅब ३,९४,६०० डॉलरला सुरू होतो. म्हणजे त्यांच्या उत्पन्नातले जेमतेम ३,९०० डॉलर त्या स्लॅबात आहेत. बाकी सगळं १०, १२, २२ आणि २४ टक्क्यांच्या टप्प्यांत वाटलं जातं. केंद्राचा एकूण आयकर येतो सुमारे ८१,६०० डॉलर, पगाराच्या १९ टक्के. 'आम्ही ३२ टक्क्यांत आहोत' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात १९ टक्के भरत असतो. (निवृत्तीसाठीची कपात, राज्याचा कर, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनसाठीची कपात, हे मी धरलेलं नाही.)

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने वरचा दर ३७ टक्क्यांवरच कायम ठेवला आहे, आणि जोडप्यासाठी तो २०२५ मध्ये ७,५१,६०० डॉलरपुढे लागतो. तुमच्या घरापुरता हा विषय संपला.

एक सांगू? मतं मागताना एक आकडा आणि कागदावर दुसरा, हे मला मनापासून खटकतं. शिक्षकी पेशातल्या जोडप्याने, नर्स आणि ड्रायव्हर असलेल्या जोडप्याने सभेत ऐकलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा असतो. तो आकडा एकाचा की दोघांचा, हे सांगायला एक वाक्य लागतं. ते सांगायलाच हवं.

*

ताई, माझा भाचा मॅनहॅटनमध्ये नोकरी करतो आणि नदीपलीकडे जर्सी सिटीत राहतो. पगार दीड लाख डॉलर. न्यूयॉर्कचे नवे महापौर ममदानी यांच्या करामुळे लोक शहर सोडतील म्हणतात. बहिणीचा जीव टांगणीला लागला आहे.
– गृहिणी, पंचवटी

ताई, बहिणीला आजच फोन करा. झोहरान ममदानी यांचा प्रचारातला प्रस्ताव होता, की वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्या न्यूयॉर्ककरांवर आणखी २ टक्के आयकर लावायचा. तुमचा भाचा त्या आकड्याच्या सातव्या हिश्श्यावर आहे.

तसंही न्यूयॉर्क शहराचा आयकर शहरात राहणाऱ्यांनाच लागतो. बाहेरून रोज कामाला येणाऱ्यांवर पूर्वी एक छोटा कर होता, तो १९९९ मध्ये रद्द झाला. भाचा न्यूयॉर्क राज्याचा कर भरत असेल, शहराचा नाही.

आणि महापौराला मनात आलं म्हणून हा कर लावता येत नाही. त्याला ऑल्बनीतल्या राज्य विधिमंडळाची मंजुरी लागते. गव्हर्नर कॅथी होकल यांनी २०२५ मध्येच आयकर वाढवायला विरोध जाहीर केला होता. उमेदवार जे बोलतो ते करायचा अधिकार त्या खुर्चीला आहे का, हे आपण नाशिकच्या महापालिकेच्या निवडणुकीतही विचारत नाही. घरपट्टी-पाणीपट्टीचं वचन नगरसेवक देऊ शकतो, आयकराचं नाही.

*

नमस्कार मॅडम, मी बी.कॉम. करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. ओबामांच्या वेळी आकडा अडीच लाख डॉलर होता, बायडेन यांच्या वेळी चार लाख. हे आकडे कुठून येतात? काही सूत्र आहे का?
– विद्यार्थी, पाथर्डी फाटा

सूत्र नाही, बाळा. अशा आकड्यामागे राजकारण असतं. कर वाढवून पैसा तर हवा, पण ज्यांची मतं हवी आहेत त्यांना 'हे तुमच्यासाठी नाही' असं सांगताही आलं पाहिजे. या दोन गोष्टींच्या ओढाताणीत आकडा ठरतो.

२००८ मध्ये बराक ओबामा म्हणत होते, की कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या आत असेल तर कर वाढणार नाही. एकट्या माणसासाठी आकडा २ लाख. त्या ऑक्टोबरात ओहायोत एका प्लंबरने त्यांना गाठलं. मी धंदा विकत घेतोय, वर्षाला अडीच ते दोन लाख ऐंशी हजार डॉलर मिळतील, मग तुम्ही माझा कर वाढवणार ना, असा त्याचा प्रश्न होता. 'जो द प्लंबर' म्हणून तो देशभर गाजला, उमेदवारांच्या वादसभेत त्याचं नाव पुन्हा पुन्हा आलं. मी तेव्हा टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते. अगदी २,८०,००० करपात्र उत्पन्न धरलं, तरी मर्यादेपुढे ३०,००० राहतात. दरवाढ तीन टक्क्यांची धरली तर ९०० डॉलर. आणि धंद्याचा गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे. खर्च जाऊन उरतं ते उत्पन्न. रविवार कारंजावरच्या कुठल्याही दुकानदाराला हे न सांगता कळतं. पण त्या गदारोळात ९०० हा आकडा फारसा कुणाला ऐकू गेला नाही.

पुढे काय झालं ते अभ्यासासाठी महत्त्वाचं आहे. जानेवारी २०१३ च्या सुरुवातीला तडजोडीचा कायदा झाला तेव्हा ३९.६ टक्क्यांचा दर अडीच लाखांवर नाही, तर एकट्याला ४ लाख आणि जोडप्याला साडेचार लाख डॉलरपुढे लागला. बायडेन यांचा आकडा तुला आता ओळखीचा वाटेल.

यात महागाईचाही भाग आहे. २००८ च्या अडीच लाख डॉलरची किंमत २०२० मध्ये साधारण ३ लाख होते. म्हणजे ४ लाख ही नुसती महागाईची दुरुस्ती नव्हती, वचन आणखी वरपर्यंत नेलेलं होतं.

मात्र काही आकडे महागाईबरोबर हलतच नाहीत, आणि हे सर्वांत जास्त लक्षात ठेव. ओबामांच्या आरोग्य कायद्यात जादा मेडिकेअर कराची मर्यादा एकट्याला २ लाख, जोडप्याला अडीच लाख डॉलर ठेवली. ती २०१३ पासून लागू आहे आणि आजही तेवढीच आहे. त्याहून मोठं उदाहरण निवृत्तांच्या सोशल सिक्युरिटीचं. १९८३ च्या कायद्याने ठरवलं, की एकट्याचं उत्पन्न २५,००० आणि जोडप्याचं ३२,००० डॉलरच्या पुढे असेल तर या पेन्शनचा काही भाग करपात्र. तेव्हा ती रक्कम सुखवस्तू म्हातारपणाची होती. चाळीस वर्षं उलटली, आकडा जागचा हलला नाही, आणि सामान्य निवृत्त माणूस त्यात सापडला. यासाठी कुणाला करवाढीचं बिल आणावं लागलं नाही. याउलट मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली मतदारांनीच १० लाख डॉलरपुढच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर मंजूर केला, आणि ती मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढेल हेही त्याच वेळी लिहून घेतलं. मला ते शहाणपणाचं वाटतं.

उलट बाजूही बघ. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी 'टिप्सवर कर नाही', 'सोशल सिक्युरिटीवर कर नाही' अशी वचनं दिली. सभेत मर्यादेचा उल्लेख नव्हता. २०२५ च्या कायद्यात टिप्सची वजावट जास्तीत जास्त २५,००० डॉलर झाली आणि एकट्याचं उत्पन्न दीड लाख, जोडप्याचं तीन लाख डॉलरपुढे गेलं की ती कमी होऊ लागते. सोशल सिक्युरिटीवरचा कर तर राहिलाच. ६५ वर्षांपुढच्यांना ६,००० डॉलरची वेगळी वजावट मिळाली, तीही ७५,००० आणि दीड लाखांपुढे घटत जाणारी. एका पक्षाने मर्यादा आधी सांगितली, दुसऱ्याने नंतर लावली. परीक्षेत पक्षाचं नाव नाही, ही यंत्रणा विचारतील.

*

मॅडम, अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहे. वार्षिक पगार १२,६०,००० रुपये, नवी करप्रणाली. मार्चमध्ये जादा पाळ्या केल्या तर २५,००० मिळतील. मित्र म्हणतात, करू नकोस, १२ लाखांच्या वर गेलास की ६०,००० टॅक्स बसेल. काय करू?
– सुपरवायझर, सिडको

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी हिशेब.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, असे टप्पे आहेत. १२ लाखांवर कर होतो ६०,०००, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर तेवढाच रिबेट मिळून तो शून्य होतो. पगारदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट, म्हणून पगार १२,७५,००० पर्यंत कर नाही. मित्रांची भीती इथून येते. रिबेट जर एकदम गेला असता तर १२ लाख १ रुपयाला ६०,००० भरावे लागले असते. सरकारने त्यासाठी मार्जिनल रिलीफ ठेवला आहे: १२ लाखांच्या वर जेवढे रुपये गेलात, कर त्याहून जास्त होणार नाही.

तुमचा पगार जादा पाळ्या धरून होईल १२,८५,०००. वजावट जाऊन १२,१०,०००. मर्यादेच्या वर १०,०००. म्हणून कर १०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस ४००, एकूण १०,४००. ६०,००० नाही. पंचवीस हजारांतले १४,६०० तुमच्या खिशात राहतात.

पण मी खोटा दिलासा देणार नाही. पहिले १५,००० करमुक्त आले आणि पुढचे १०,००० सगळे गेले, वर ४०० गेले. करपात्र उत्पन्न १२ लाखांपासून सुमारे १२,७०,५०० पर्यंत असं होतं, तिथे जास्तीचा रुपया जवळजवळ पूर्ण करात जातो. त्यामुळे शेवटच्या काही पाळ्या फुकट वाटल्या तर तुमची तक्रार रास्त आहे. उपाय विचाराल तर कंपनीला विचारा, एनपीएस या पेन्शन योजनेत कंपनीचा हिस्सा भरायची सोय आहे का. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत तो नव्या प्रणालीतही वजा होतो. आणि बँकेतल्या ठेवीचं व्याज या हिशेबात धरलंत का? बरेच जण ते विसरतात आणि जुलैत माझ्यासमोर बसून कपाळाला हात लावतात. शेअरच्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला हा रिबेट लागत नाही, तेही लक्षात असू द्या.

जुन्या प्रणालीत मात्र खरा कडा आहे. तिथे ५ लाखांपर्यंत रिबेट आहे, पण मार्जिनल रिलीफ नाही. ५,००,००० वर शून्य, आणि ५,१०,००० वर १४,५०० अधिक सेस, १५,०८०. दहा हजार जास्त मिळवले आणि पाच हजार पदरचे गेले. म्हणून 'आकडा ओलांडू नको' म्हणणाऱ्याला मी कधी वेड्यात काढत नाही. कुठे कडा आहे आणि कुठे नुसती पायरी, एवढं बघायला हवं.

आता कारण. माझे वडील सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. ते गेल्यावर त्यांचा ट्रंक आवरताना एक छोटी डायरी सापडली. मार्च १९९८ च्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ओ.टी. ३,००० नको. स्लॅब.' त्या वर्षी चिदंबरम यांच्या अर्थसंकल्पाने ४०,००० ते ६०,००० वर १० टक्के आणि ६०,००० ते दीड लाखावर २० टक्के असे दर केले होते. खाली त्यांनीच लिहिलेलं करपात्र उत्पन्न होतं ५९,०००. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, की ६०,००० च्या वर गेलात की सगळ्यावर २० टक्के. बाकी सवलती बाजूला ठेवल्या, तर त्या तीन हजारांतल्या पहिल्या हजारावर १०० रुपये आणि उरलेल्या दोन हजारांवर ४०० रुपये कर लागला असता. अडीच हजार रुपये घरी आले असते. त्याच महिन्यात माझ्या कॉलेजच्या फीसाठी आईने पतपेढीतून दोन हजारांचं कर्ज उचललं होतं. मला ते कर्ज आठवतं, कारण हप्ता भरायला मीच जायची.

वडील हिशेबाला पक्के होते. मायक्रोमीटरवर शंभरावा भाग चुकू द्यायचे नाहीत. त्यांना कुणी पाच मिनिटं बसून हे सांगितलं नाही, एवढंच. मी हे काम करते ते त्या पानामुळे. दादा, जादा पाळ्या घ्या की नको हे तुम्ही तुमच्या तब्येतीकडे आणि घराकडे बघून ठरवा. पण ६०,००० च्या भीतीने नको म्हणू नका.

*

ताई, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि कृषी सेवा केंद्राचं दुकान. दुकानाचा नफा १४ लाख, बागेचं खर्च जाऊन ६ लाख. शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग माझ्या सीएने ते रिटर्नमध्ये का दाखवलं आणि कर का वाढला? पारावर तर चर्चा असते, की दिल्लीत एखादं सरकार येईल आणि मोठ्या बागायतदारांवर कर बसवेल.
– द्राक्ष बागायतदार

दादा, तोडणीच्या दिवसांत वेळ काढून लिहिलंत. तुमच्या सीएने बरोबर केलं आहे.

शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे, पण दर ठरवताना ते मोजलं जातं. ही पद्धत १९७२ च्या के. एन. राज समितीनंतर आली. अट अशी: शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर. तुमच्या बाबतीत दोन्ही आहे. मग दुकान आणि बाग मिळून २० लाखांवर कर काढायचा, तो नव्या प्रणालीत २,००,००० होतो. त्यातून ४ लाखांची करमुक्त मर्यादा अधिक बागेचे ६ लाख, अशा १० लाखांवरचा कर वजा करायचा, तो ४०,०००. उरले १,६०,०००, सेस धरून १,६६,४००. नुसत्या १४ लाखांवर सेससह ९३,६०० झाले असते. फरक ७२,८०० चा. बागेवर कर लागला नाही, पण बागेने दुकानाच्या रुपयांना वरच्या स्लॅबात ढकललं. तुम्हाला हे कुणी आधी समजावलं नाही, याचं मला वाईट वाटतं. रक्कम थोडी नाही.

पारावरच्या चर्चेबद्दल: शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे. दिल्लीतलं सरकार नुसत्या अर्थसंकल्पाने तो लावू शकत नाही, त्यासाठी घटनाच बदलावी लागेल. लोकसभेचा उमेदवार या कराची भीती घालत असेल किंवा तो रोखल्याचं श्रेय घेत असेल, तर त्याला तेवढं विचारा.

आणि एक काम लगेच करा. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की रिटर्नमध्ये जमिनीचा तपशील द्यावा लागतो: जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत. व्यापाऱ्याच्या पट्ट्या, औषधांची बिलं, मजुरीची वही या हंगामापासूनच एका फायलीत लावत चला. सीएकडे जाताना सातबाऱ्याचा ताजा उतारा बरोबर न्या, आणि त्यावर द्राक्षाची पीक नोंद झाली आहे का ते आधी बघा.